उजनीचा मायनस आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरू लागले की ‘लहान मुलांसाठी शैक्षणिक मोबाइल गेम’ हा विषय कुणा ना कुणा गटाच्या यादीत हटकून सापडतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या परिसरात एक महाविद्यालय आहे, इंदापूरजवळ वनगळीला एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुण्याच्या महाविद्यालयांसारखीच इथेही तिघाचौघांचा गट, एक गाइड, दोन सत्रे आणि शेवटी एक्स्टर्नलसमोरचा डेमो अशीच रचना. विषय सुरक्षित वाटतो म्हणून निवडला जातो. मोठा डेटासेट लागत नाही, यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत, डेमो रंगीत दिसतो आणि ‘समाजोपयोगी’ या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न पडत नाही. हाती येते ते बहुधा ठरलेलेच असते. एक प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज आणि दहा नाणी, चुकीच्या उत्तराला लाल फुली. व्हायवा झाला की ती एपीके कुणाच्या तरी ड्राइव्हवर पडून राहते. तेव्हा मूळ प्रश्नच तपासायला हवा. विशीतल्या तीन-चार मुलामुलींनी वर्षभरात बनवलेला गेम एखाद्या शाळकरी मुलाला खरोखर काही शिकवू शकतो का? माझ्या मते शकतो. मात्र तो गेम एकाच संकल्पनेपुरता आणि एकाच ओळखीच्या वर्गापुरता बेतलेला असला पाहिजे. ही अट पुरी करणे बारामती-इंदापूरच्या गटाला मोठ्या शहरातल्या कंपनीपेक्षा सोपे आहे, आणि नेमक्या याच सोयीचा उपयोग केला जात नाही.

गेममधून मुले शिकतात का, याचा भारतातला पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे, फक्त तो एका दिशेचा नाही. या शतकाच्या सुरुवातीला वडोदऱ्यात महापालिकेच्या शाळांतली चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, अशी गणिताचे खेळ खेळत होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दुसऱ्या वर्षी त्यांच्या गणिताच्या गुणांत प्रमाण विचलनाच्या ०.४७ पट वाढ झाली. शिक्षणातल्या प्रयोगांच्या हिशेबाने हा आकडा मोठा आहे. पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला ०.१० च्या आसपासच उरला. पुढच्याच वर्षी गुजरातमधल्याच आणखी एका प्रयोगाचे निष्कर्ष ली लिंडन यांनी मांडले. संगणकाचा तास शिकवण्याच्या तासाऐवजी घेतला तेव्हा मुलांचे गुण चक्क घटले. तोच कार्यक्रम शाळा सुटल्यावर, जादा म्हणून घेतला तेव्हा वाढले. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकावर शिकवणाऱ्या प्रणालीवर झालेला अभ्यास २०१९ चा. त्यात साडेचार महिन्यांत गणितात प्रमाण विचलनाच्या ०.३७ पट वाढ दिसली, आणि तिथल्या सहावीतले सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे असल्याचेही दिसले. प्रणालीचा जोर होता तो मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्यावर. हे सगळे एकत्र वाचले की फायनल इयरच्या गटाला दोन गोष्टी कळतात. गेम शिक्षकाच्या जागी बसवायचा नाही. आणि ‘पाचवीचा गेम’ असे काही नसते, कारण पाचवीच्या एकाच बाकावर दुसरीचे आणि सहावीचे गणित शेजारी शेजारी बसलेले असते.

याहून खोलात जाणारा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. दिल्लीतल्या बालवर्गांतल्या मुलांनी काही महिने संख्या आणि आकारांचे खेळ खेळले. ठिपक्यांच्या दोन झुबक्यांपैकी कुठे जास्त, ही अंदाजाची जाण सुधारली आणि टिकलीही. पण तीच मुले पहिलीत गेल्यावर अंकांच्या गणितात इतरांच्या पुढे गेली नाहीत. याचा सरळ अर्थ असा की खेळात जे करावे लागते तेच शिकले जाते, त्याच्या शेजारचे आपोआप येत नाही. जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांच्या २०११ च्या अभ्यासात याचीच दुसरी बाजू दिसते. त्यांच्या गेममध्ये सांगाड्यांच्या छातीवर संख्या असत आणि ज्या संख्येने निःशेष भाग जातो ते शस्त्र निवडून त्यांना पाडायचे असे. त्याच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्रांचा भागाकाराशी संबंध नव्हता, भागाकाराचे प्रश्न प्रत्येक पातळीच्या शेवटी वेगळे विचारले जात. पहिल्या आवृत्तीतून मुले जास्त शिकली, आणि मोकळीक दिल्यावर त्यांनी तिच्यावर सातपट वेळ घालवला.

आपल्याकडे हा फरक समजावायला परदेशी उदाहरणाची गरजही नाही. परंपरा जो ज्ञानदेवांच्या नावावर देते त्या मोक्षपटात शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. पुढे घरांवरची ती नावे पुसली गेली आणि नुसती सापशिडी उरली, तरी खेळ तसूभरही बदलला नाही. धडा नियमात नव्हता, चित्रात होता. (फासा हेच प्रारब्ध, असा युक्तिवाद कुणी करील. तो मला मान्य आहे, पण मग दया आणि क्रोध यांच्या पाट्या कशाला?) याउलट बारामतीत हयात घालवलेल्या मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण पाहा. ओठांना ओठ लावून उच्चारायची अक्षरे टाळून कथा सांगायची, हा तिथला नियम, आणि तो पाळायचा तर प, फ, ब, भ, म कुठून उच्चारले जातात हे कळल्यावाचून गत्यंतर नाही. वर्णांची उच्चारस्थाने शिकवणारा गेम करू पाहणाऱ्या गटाला आयता आराखडा गावातच आहे. चार पर्यायांच्या प्रश्नमंजूषेला मी नाके मुरडतो ती याच कारणाने. तिच्यातला विषय काढून दुसरा घातला तरी गेम जसाच्या तसा चालतो. एका गटाने केलेली ‘विज्ञान क्विझ’ दुसऱ्या वर्षी ‘इतिहास क्विझ’ म्हणून सादर करता येते ती उगाच नाही.

नियमातच धडा असलेला गेम इथल्या मातीतून कसा निघेल, ते एका उदाहरणाने पाहू. उजनी धरणाचे पाणी ज्याच्या शिवाराला लागून आहे त्या इंदापूर तालुक्यात उन्हाळ्यात एक वाक्य घराघरांत ऐकू येते, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६३.५ टीएमसी मृतसाठा आणि वरचा ५३.५ च्या आसपास उपयुक्त साठा. टक्केवारी मोजली जाते ती उपयुक्त साठ्यावर. म्हणून पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली गेले की आकडा शून्याखाली जातो. उजनी मायनस वीस टक्के म्हणजे मृतसाठ्यातले दहा-अकरा टीएमसी वापरले गेले, आणि धरणात अजून ५३ टीएमसीच्या आसपास पाणी आहे. मोठी माणसेही इथे अडखळतात. मायनस आहे तर पाणी दिसते कसे? सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या येतात तेव्हा पुस्तकातल्या संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे जाण्याचे कारण मुलाला दिसत नाही. इथे ते कारण भिगवणच्या पुलावरून दिसते.

आता गेम. खेळाडूच्या हाती धरण, प्रत्येक डाव म्हणजे एक आठवडा. दौंडकडून येणारा येवा अधिक, कालव्याचे आवर्तन वजा, सोलापूरसाठी नदीत सोडलेले पाणी वजा, बाष्पीभवन वजा. पट्टीवर साठा तीन असताना आठचे आवर्तन द्यावे लागले की मुलाला स्वतःच्या बोटाने पट्टी शून्याच्या खाली पाचवर न्यावी लागते. खरी अडचण ऋण संख्या वजा करताना येते, आणि तिथेच हा प्रसंग उपयोगी पडतो. नोंद झालेले आवर्तन रद्द झाले, तर वजा आठची नोंदच काढून टाकायची, आणि पट्टी आठने वर चढते. ऋण वजा केले की अधिक का, हे मुलाने स्वतः केलेल्या कृतीतून येते. गुणाकार या गोष्टीत बसत नाही. ऋण गुणिले ऋण साठी उजनीला वेठीला धरू नये, तो भाग सोडून द्यावा. एवढ्याशा व्याप्तीला ‘स्कोप कमी आहे’ असा शेरा रिव्ह्यूत मिळण्याची शक्यता आहे, आणि माझा आक्षेप त्या शेऱ्यालाच आहे. बेरीज-वजाबाकीपुरता, तीन पातळ्यांचा, पण सहावीच्या एका वर्गात चार वेळा खेळून बदललेला गेम हा ‘पहिली ते दहावी सर्व विषय’ असल्या ॲपपेक्षा अधिक कठीण काम आहे.

या उदाहरणावर घेता येईल असा सर्वात वजनदार आक्षेप मात्र स्थानिकतेवरच आहे. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले होती. किलोचे भाव, मोड, तीन वस्तूंची एकत्र किंमत हे ती मनातल्या मनात बिनचूक करत होती, आणि तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिले की अडत होती. शाळेतल्या मुलांचे नेमके उलट. मग धरण चालवायला शिकलेले मूल वहीतले ३ − ८ सोडवीलच, हे कशावरून? आक्षेप खरा आहे, आणि त्याने गेमचा आराखडा बदलायला हवा. पट्टी खाली नेली की त्याच क्षणी पडद्यावर ३ − ८ = −५ उमटले पाहिजे. पुढच्या पातळीत आधी मांडणी दिसावी आणि पट्टी मुलाने हलवावी, शेवटच्या पातळीत पट्टीच नसावी. हा पूल कुठे बांधायचा हे प्रोग्रामरला ठाऊक नसते. रोज फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला असते. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारे मूल त्याने पाहिलेले असते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कुणी कुठेही असो, गेमच्या आवाजाने त्रेसष्ट म्हणायचे की साठ तीन, खाली वजा पाच लिहायचे की उणे पाच, हे त्या वर्गात काय रुळले आहे त्यावरून ठरवावे लागते. त्यासाठी वर्गशिक्षक गटात हवा, आभारपत्रिकेत नव्हे.

विद्यार्थ्यांच्या गटाने केलेला सर्वात गाजलेला शैक्षणिक गेम हेच सांगतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉन रॉविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या तिघांनी ‘ओरेगॉन ट्रेल’ लिहिला. तिघेही कार्लटन कॉलेजचे विद्यार्थी, शाळांत शिकवण्याच्या सरावावर. रॉविचला आठवीच्या वर्गात पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतवाल्यांचा इतिहास शिकवायचा होता, बाकी दोघांना प्रोग्रामिंग येत होते. दोनेक आठवड्यांत गेम तयार झाला. पडदा नव्हता, चित्र नव्हते, टेलिटाइपच्या कागदावर उमटणारा मजकूर फक्त. शिकार करायची तर ठरलेला शब्द पटकन टाइप करायचा. इतक्या कमी वेळात हे जमले कारण कुणासाठी, कोणता धडा आणि कधीपर्यंत, हे तिन्ही प्रश्न आधीच सुटलेले होते. आपल्याकडे याच तीन प्रश्नांवर अख्खे पहिले सत्र जाते आणि तरी ते सुटत नाहीत. या गोष्टीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. सराव संपल्यावर गेम संगणकावरून पुसला गेला, उरली ती कागदावरची छापील प्रत. १९७४ मध्ये रॉविच मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत रुजू झाला, त्याने तो पुन्हा टाइप केला आणि प्रवाशांच्या जुन्या रोजनिशा वाचून आजार, पाऊस, अपघात यांच्या शक्यता दुरुस्त केल्या. गेम जगभर गेला तो या दुसऱ्या जन्मात, आणि त्यामागे एक संस्था होती.

आपल्या गटांच्या वाटेत तांत्रिक अडचणीही आहेत, आणि त्या पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. युनिटी या गेम इंजिनमधल्या नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोत मराठी मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे जाऊन बसते, रफार भलतीकडे उमटतो, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मग गट मजकुराची चित्रे करून चिकटवतो, आणि शिक्षकाने एक शब्द बदलायला सांगितला की चित्र नव्याने काढावे लागते. शेवटी कंटाळून गेम इंग्रजीत होतो. २०२३ मध्ये आलेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटते आणि ते इंजिन फुकट व मुक्त आहे. निवड करताना एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते. फोनची गोष्ट वेगळी. शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयोगटातल्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. फोन वापरता येणाऱ्यांपैकी आठवडाभरात तो अभ्यासाशी संबंधित कामाला वापरणारी मुले ५७ टक्के, समाजमाध्यमांवर गेलेली ७६ टक्के. पण घरात असणे आणि हातात असणे यांत अंतर आहे. २०२३ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते, मुली १९.८ टक्के. गाळप हंगामात कारखान्यांच्या आसपास कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा विचार केला तर अख्ख्या कोपीत एक फोन, तोही दिवसभर फडात वडिलांच्या खिशात. या मुलांचे शाळेचे वर्ष दिवाळीच्या सुमारास तुटते. अशा घरासाठी गेम करायचा तर तो दहा मिनिटांत एक डाव संपणारा, नेटशिवाय चालणारा, जुन्या फोनवर न अडकणारा आणि दोन भावंडांची प्रगती वेगवेगळी लक्षात ठेवणारा हवा.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्या हे करत असताना पोरांनी कशाला हात घालायचा? पण कोट्यवधी डाउनलोड आणि अफाट भांडवल असलेल्या बायजूजवर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पैसा म्हणजे टिकाऊपणा नव्हे, एवढे त्यातून कळते. शिवाय देशभर खपवायच्या गेममध्ये उजनी येणार नाही. मुलांचे फोनवेड वाढेल, ही पालकांची धास्ती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. रोज परत या म्हणून बोलावणारी सूचना, तुटणारी साखळी, फिरणारे बक्षीसचक्र हे सगळे बाजारू गेमांतून उचलले जाते, गटाने ते सरळ वगळावे. धडा कळल्यावर मूल गेम सोडून देत असेल तर तो गेमचा दोष नाही. तिसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आता कोड यंत्रच लिहून देते, मग प्रोजेक्टात उरले काय? माझ्या लेखी यामुळे मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. कोड स्वस्त झाला असेल तर गुण कोडला देणे थांबवावे. सहावीच्या वर्गात गेम कुठे फसला आणि त्यानंतर गटाने काय बदलले, हे यंत्र सांगू शकत नाही. आणि तीस मुलांवरची आधी-नंतरची चाचणी म्हणजे पुरावा नव्हे, हे शास्त्रशुद्ध म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ती चाचणी गेम सुधारण्यासाठी करावी. पैसे भरून छापल्या जाणाऱ्या नियतकालिकात ‘परिणामकारकता सिद्ध’ असा निबंध टाकण्यासाठी नव्हे.

गेम पुढे जगणार कसा, हा प्रश्न याहून अवघड आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या गूगल प्लेच्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी ठरावीक संख्येच्या परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी दाखवावी लागते. ही संख्या आधी २० होती, आता १२ आहे. होस्टेलवरचे बारा मित्र अट पुरी करतात, त्यांत सहावीचे एकही मूल नसते. शिवाय अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ॲपही दरवर्षी तिला जुळवून घ्यावे लागते, नाहीतर नव्या फोनवर ते दिसेनासे होते. गटातली मुले तोवर हिंजवडीला नोकरीवर गेलेली असतात. म्हणून खाते आणि सोर्स कोड पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर हवेत, आणि पुढच्या वर्षीच्या गटाला नवा गेम करण्याऐवजी जुना सांभाळण्याचा, सुधारण्याचा प्रोजेक्ट मिळायला हवा. विद्या प्रतिष्ठानसारखी संस्था शाळाही चालवते आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही, तिथे हे अंतर एका आवाराइतके आहे. मुलांची नावे, छायाचित्रे, ठिकाण काहीही गोळा करू नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवायला वा त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. प्रगती फोनमध्येच साठवली की हा सारा व्याप टळतो.

एवढे करूनही कुणी म्हणेल की खरा फायदा बनवणाऱ्यांचाच. हे अंशतः खरे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. यास्मिन कफाई यांनी १९९५ च्या पुस्तकात बॉस्टनमधल्या चौथीच्या मुलांचा प्रयोग मांडला आहे. त्या मुलांनी आपल्याहून लहानांना अपूर्णांक शिकवणारे गेम स्वतः बनवले, आणि बनवता बनवता त्यांचेच अपूर्णांक आणि प्रोग्रामिंग पक्के झाले. दुसऱ्याला कुठे अडेल याचा विचार करणे हीच तिथली शिकवणी होती. अभियांत्रिकीच्या मुलांनाही ती लागते, कारण पुढे ते जे सॉफ्टवेअर लिहितील त्याचा वापरणारा त्यांच्यासारखा नसेल. पण हा फायदा पदरात पडतो तो वापरणारा प्रत्यक्ष समोर बसला तरच. डेमोत गाइडच गेम खेळून दाखवत असतील तर दोघांचेही शिकणे होत नाही. विद्यापीठाची गुणपत्रिका लगेच बदलणार नाही, एक्स्टर्नल म्हणून जिल्हा परिषदेचा शिक्षक येणार नाही. तरी रिव्ह्यूचे अंतर्गत गुण गाइडच्या हाती असतात. त्यांतले थोडे गुण शाळेतल्या दोन भेटींच्या नोंदवहीला, म्हणजे कोणत्या डावात मुले थांबली, काय म्हणाली, पुढच्या आवृत्तीत काय काढून टाकले याला ठेवायचे तर परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. येत्या जुलैत विषय ठरतील तेव्हाही ते करता येईल.